पहिलं पातेलं कुणी ठेवलं?

सर, आपलं भांडण अखेर मी जिंकले. तुमच्याच घरी, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, ओट्यावर बसल्या बसल्या जिंकले आणि ते तुम्हाला सांगायची सोय नाही. जिंकल्यावर तुमच्या टेबलासमोर उभं राहून काय काय सुनवायचं हे मी कधीचं ठरवून ठेवलं होतं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला असता आणि म्हणाला असता, "अच्छा? सबूत दाखवा, मॅडम." सबूत मिळालाय, सर. दाखवू कुणाला?

तुम्ही गेलात हे मला अजून नीट पटलेलं नाही. कॉलेजमधून निघताना छातीत कळ आली, तुकोगंजातल्या दवाखान्यात नेलं, आणि संध्याकाळी घरी तुम्हाला आणलं ते चादरीखाली. दुसऱ्या दिवशी पेपरात तुमचा फोटो आणि चार ओळी आल्या. इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक, विद्यार्थिप्रिय, मनमिळाऊ. मनमिळाऊ! ज्याने हे लिहिलं त्याने तुमच्याशी एकदाही वाद घातलेला नसणार. आणि तुम्ही इतकी वर्षं काय शोधत होता याचा त्यात एक शब्द नव्हता. निम्म्या डिपार्टमेंटलाच ते कधी कळलं नाही, तर पेपरवाल्यांना कुठून कळणार?

तिसऱ्या दिवशी हेड माझ्याकडे आले. चांगले आहेत बिचारे, आवाज खाली आणून बोलत होते. म्हणाले, "नवे कॉम्प्युटर येतायत, मॅडम. जागेची तंगी आहे. सोनटक्के सरांचं ते टेबल आता मोकळं करून घ्यायला हरकत नाही ना? वैसे भी काम तो खतम ही है." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तुमचं काम संपलं की नाही हे मला सांगता येईना. गंमत बघा. आपलं सगळं डोकं ज्या एका प्रश्नावर खर्ची पडलं, तोच प्रश्न मला सरळ तोंडावर विचारला गेला.

मी कराडहून लेक्चरर म्हणून इंदूरला आले तेव्हा परदेशीपुऱ्यातल्या मिल एकेक करून बंद पडत होत्या. मला त्याचं काही नव्हतं. नोकरी लागली होती, तुकोगंजात खोली मिळाली होती, सकाळी पोहे-जलेबी नावाचा अजब प्रकार खायला मिळत होता, मी खूश होते. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला लॅबमध्ये नेलंत. टेबलावर मायक्रोप्रोसेसरचे सोळा किट गोल मांडलेले होते. पोरं प्रॅक्टिकलला वापरतात तेच, छोटी बटणं आणि लाल आकड्यांची खिडकी असलेले. प्रत्येकातून दोन चपट्या वायरी निघालेल्या, एक डावीकडच्या शेजाऱ्याकडे, एक उजवीकडच्या.

"यातला मेन कोणता?" मी विचारलं.

"कोई नहीं. सगळे बरोबरीचे."

"मग सगळ्यांना एका तालात चालवणारं क्लॉक कुठून देता?"

"क्लॉक म्हणजे भोंगा, मॅडम," तुम्ही म्हणालात. "इथे भोंगा नाही. प्रत्येकाचं घड्याळ त्याच्या त्याच्या घरात."

मला वाटलं, आली पंचाईत, हा माणूस थोडा सरकलेला दिसतो. कॉम्प्युटर म्हटलं की मधे एक प्रोसेसर, त्याच्या हुकमाखाली बाकी सगळं, हे मी शिकले होते आणि तेच शिकवणार होते. तुम्ही म्हणत होता की मधे कुणीच नको. प्रत्येकाने आपल्या वाट्याचं काम करायचं, फक्त शेजाऱ्यांशी बोलायचं, आणि तरी सगळ्यांचं मिळून एक उत्तर निघालं पाहिजे. एका टोकाला तापवलेल्या लोखंडी पट्टीत उष्णता कुठवर किती पोचेल, हे गणित तुम्ही त्यांना घालून दिलं होतं. प्रत्येक किटाकडे पट्टीचा एक तुकडा. शेजाऱ्याचा आकडा बदलला की आपला बदलायचा, आपला बदलला की शेजाऱ्याला कळवायचं. लाल आकडे लुकलुकत राहायचे आणि तुम्ही कौतुकाने बघत बसायचात.

हे खूळ कुठून आलं ते हळूहळू कळलं. तुमचे आजोबा महूच्या पलटणीत, वडील परदेशीपुऱ्यातल्या मिलमध्ये. ती मिल बंद झाली ती मी यायच्या बरीच आधी, एका सकाळी. भोंगा वाजला नाही एवढंच झालं. कुठल्याशा ऑफिसात कुणीतरी सही केली आणि तुमच्या गल्लीतली झाडून सगळी घरं एकदम थांबली. तुमचे वडील त्यानंतरही शिफ्टच्या वेळेला डबा घेऊन दारात उभे राहायचे, भोंग्याकडे कान लावून. तुम्ही मला हे सांगितलंत तेव्हा तुमचा आवाज नेहमीसारखाच होता. "एक मालक, एक भोंगा. तो गेला की सब के सब बंद. मला असं मशीन पाहिजे मॅडम, की ज्यात एक बंद पडला तर बाकीचे उभे राहतील." मी त्या दिवसापासून तुमच्या टेबलाशी स्टूल ओढून बसायला लागले.

आणि लगेच आपण अडकलो. आकडे लुकलुकत, हळूहळू स्थिर होत. पण काम संपलं हे सांगणार कोण? प्रत्येक किटाला फक्त आपलं ठाऊक. माझं झालंय, पण शेजाऱ्याचा आकडा बदलला तर मला पुन्हा कामाला लागायचंय. सगळे गप्प आहेत की कुठे कुणी अजून राबतोय, हे दिसायला वरून बघणारा कुणीतरी हवा. मी म्हटलं, एक सतरावा किट लावू, तो फक्त बघेल. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं काही मी मिलच्या मालकालाच आणून टेबलावर बसवत होते.

मग तुम्ही मला घरी जेवायला बोलावलंत. माझी जन्माची फजिती झाली तो दिवस. बुद्धपौर्णिमा होती. विमलताईंनी पान वाढलं होतं, आणि थोड्या वेळाने गल्लीतलं एक पोर झाकलेलं मोठं पातेलं घेऊन दारात आलं. झाकणावर एक पळी उताणी ठेवलेली. विमलताईंनी मला घाईघाईत सांगितलं, "गल्लीची खीर आहे, मॅडम. पाहिजे तेवढी घ्या, आणि घेतली तर पळी पालथी ठेवा." मी घेतली, पळी पालथी ठेवली, शेजारच्या शांती चाची पातेलं पुढे घेऊन गेल्या. थोड्या वेळाने पुन्हा आलं. पाहुण्याने नको म्हणणं बरं दिसत नाही, कराडला आम्हाला असंच शिकवलेलं. मी पुन्हा थोडी घेतली, पळी पालथी ठेवली. पातेलं पुन्हा आलं. मी पुन्हा घेतली. मनात म्हटलं, काय अगत्य आहे या लोकांचं! माझा श्वास वर लागला होता. शेवटी विमलताई पोट धरून हसायला लागल्या. "अहो मॅडम, तुम्ही घेता आहात म्हणून ते घूमतंय! बस करा ना आता, पूरी गली का पेट कब का भर गया!"

मग त्यांनी नीट समजावलं. मिल बंद झाली त्या दिवसांत ही चाल पडली. कुणाकडे शिजलेलं असे, कुणाकडे नसे, आणि मागायची लाज सगळ्यांनाच. तेव्हा एक पातेलं गल्लीच्या एका बाजूने दारोदार जायचं आणि समोरच्या बाजूने परत यायचं. घरात न्यायचं, हवं असेल तर काढून घ्यायचं, पळी पालथी करून पुढे द्यायचं. आधीच पालथी असली तर तशीच ठेवायची. कुणी घेतलं, किती घेतलं, कुणाला कळत नसे. निघालेल्या घरी पातेलं पालथ्या पळीने परत आलं की कुणाला तरी गरज होती, म्हणजे अजून कुणाला असू शकेल. त्यात भर घालायची, पळी उताणी करायची, पुन्हा फेरी. उताण्या पळीने परत आलं की सगळे जेवले. मग पातेलं त्याच घरी थांबायचं, आणि पुढच्या वेळी तिथूनच निघायचं. गल्लीत घराघरातल्या भांड्यांवर नावं कोरलेली असायची. या एका पातेल्यावर कुणाचंच नाव नव्हतं.

मी हात धुवायला मोरीपाशी गेले. तुम्ही तांब्याने माझ्या हातावर पाणी घालत होता. मी सहज विचारलं, "पण सर, सगळे जेवले हे ठरवतं कोण?" पाणी घालता घालता तुम्ही थांबलात. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही माझ्याकडे. लहानपणापासून... नाही, लहानपणापासून नव्हे, पण वर्षानुवर्षं ते पातेलं तुमच्या दारावरून जात होतं आणि मी आडमुठेपणाने खीर खाल्ल्याशिवाय ते आपल्याला दिसलं नव्हतं. तुम्ही तांब्या तिथेच टाकून कागद शोधायला धावलात. माझे हात साबणाचेच राहिले.

ते दिवस, सर! किटांमधून फिरणारा एक छोटा संदेश, तेच आपलं पातेलं. मागच्या फेरीनंतर ज्याचा आकडा हलला त्याने पळी पालथी करायची. उताण्या पळीने फेरी पुरी झाली की काम संपलं. पहिल्यांदा सोळाही खिडक्यांत लाल अक्षरांत 'एंड' उमटलं तेव्हा तुम्ही कँटीनमधून सगळ्यांसाठी समोसे मागवलेत. पुढे लायब्ररीत एक परदेशी जर्नल आलं आणि समजलं की हीच युक्ती तिकडे कुणीतरी कधीच छापून बसलंय, पळीच्या जागी दोन रंग वापरून. मी चार दिवस तोंड पाडून हिंडले. तुम्ही मात्र ते पान सगळ्यांना दाखवत फिरलात. "देखा? आपली गल्ली बरोबर होती!"

एकच गोष्ट तुम्हाला खुपत होती. पातेलं पहिल्यांदा निघायचं कुठून? मशीन चालू केलं की सोळा किट सारखेच जागे होतात, कुणाकडेच पातेलं नसतं. आपण एका किटाचं बटण दाबायचो, त्याने ते निघायचं. मी म्हणायची, चालतंय की. तुम्ही म्हणायचात, "मग मालक आपण झालो ना, मॅडम. बटण दाबणारा."

या एका मुद्द्यावर आपण किती भांडलो! मुंबईहून येणारं आपलं सामान घेऊन एक ट्रक मानपुरला बंद पडला होता, तेव्हा आपण स्कूटरवरून खोकं आणायला गेलो. रस्त्याच्या कडेच्या ढाब्यावर चहा घेताना मी माझा उपाय पुन्हा पुढे केला. प्रत्येक किटाला नंबर द्या. ज्याचा नंबर सगळ्यात लहान, त्याने पहिलं पातेलं ठेवायचं. मिटलं.

"नंबर दिला की पहिला आला, मॅडम. मग आखरी पण आला."

"अहो, तो मान थोडाच आहे? रोल नंबरसारखा नंबर नुसता."

तुम्ही चहाचा ग्लास खाली ठेवलात. "लहानपणी आजोबांकडे होतो, महूच्या शाळेत आम्हाला रोल नंबर होते. आमच्या वस्तीतली सगळी पोरं सगळ्यात शेवटी. आडनावाप्रमाणे नव्हते लावले." मग ट्रकवाल्याला हाक मारून खोक्याची दोरी घट्ट बांधायला सांगितलीत. परतीच्या वाटेवर मी मांडीवर खोकं घेऊन मागे बसले होते आणि मला रडू येत होतं. तुम्हाला ते दिसलं नाही हे बरं झालं. नंबरांचा विषय मी पुन्हा काढला नाही, पण माझं म्हणणंही सोडलं नाही. कुणीतरी पहिलं असावंच लागतं, सर. त्याशिवाय काही सुरूच होत नाही. तुम्ही दरवेळी एकच उत्तर द्यायचात, "गल्लीत पहिलं पातेलं कुणी ठेवलं? विचारा जाऊन. कुणालाच आठवत नाही. तरी चाललं ना?"

आणि मग दिल्लीहून पाहणीला आलेले ते तिघे. पुढच्या वर्षांसाठी आपलं काम चालू राहणार की नाही, ते त्या एका सकाळवर होतं. लॅबमध्ये आल्यावर मला कळलं की आदल्या दिवशी तुम्ही बटणाचा प्रोग्रॅम काढून टाकलाय. कुठल्याही किटाने स्वतःहून पातेलं सोडावं, अशी नवी व्यवस्था केली आहे. मी कपाळावर हात मारून घेतला. मशीन सुरू झालं. आकडे लुकलुकले, स्थिर झाले, उत्तर अगदी बरोबर आलं. पण 'एंड' काही येईना. यायचं कसं? सोळा जण सारखेच, सारख्याच क्षणी जागे झालेले. सोळांनीही आपापलं पातेलं सोडलं होतं. नाव कुणावरच नाही, तेव्हा दारात आलेलं पातेलं आपलंच परत आलंय की शेजाऱ्याचं, हे कुणालाच ओळखता येईना. जो तो मुकाट्याने पुढे देत होता. आपल्या मशीनमध्ये खिरीची सोळा पातेली गोल गोल फिरत होती आणि पाहुणे घड्याळं बघत होते.

बटणाचा प्रोग्रॅम असलेली जुनी चिप माझ्या पर्समध्ये होती. एका किटात ती बसवली असती तर भागलं असतं. मी पर्स उघडली. तुम्ही नुसती मान हलवलीत, नको म्हणून. त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला की काय सांगू! पाहुण्यांतले एकजण उठता उठता समजुतीने म्हणाले की आता बाहेरून सगळं येणार आहे, तुमच्या सोळा किटांचं काम उद्या एक चिप करेल, उगाच जिवाला त्रास कशाला? ते खोटं बोलत नव्हते. पुढे थर्माकोलमध्ये बसवलेले कॉम्प्युटर आले आणि त्यांनी आपली लोखंडी पट्टी चुटकीसरशी सोडवली. आपलं अनुदान थांबलं. मी तुमच्याशी महिनाभर फक्त नमस्तेपुरतं बोलले. तुम्ही रोज माझ्या टेबलावर शेवेची पुडी ठेवून जायचात आणि मी रागारागात ती खायची.

तरी टेबल राहिलं. पोरांचे तास संपले की आपण दोघं बसायचो. लोक आपल्याला हसत होते, सर, तुम्हाला माहीत होतं ना? तुम्हाला एक किट तोडून बाकीचे पंधरा पुढे चाललेले बघायला आवडायचं. मुद्दाम वायर उपटायचात आणि म्हणायचात, "देखो, कोणी रडत नाही बसलं." त्या वेळी तुम्ही काय बघत असायचात हे मला कळायचं. म्हणून मी हसत नव्हते.

आपलं शेवटचं भांडण तुम्ही गेलात त्याच आठवड्यातलं. मी नवी तोड काढली होती. नंबर नको तर नको, किटांना नाणं उडवू दे. ज्याला छापा आला तो मागे राहील, बाकीचे पुन्हा उडवतील, शेवटी एक उरेल तो पातेलं ठेवेल. उद्या दुसरा कुणी उरेल. यात कसला आलाय मालक? तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. मला वाटलं, आता पटलं. मग तुम्ही म्हणालात, "ठीक आहे, ठेवलं त्याने. पण आपण ठेवलं हे तो विसरेल कसा? ठेवणाऱ्याच्या डोक्यात ते राहतंच, मॅडम. दुसऱ्याने पालथी केलेली पळी दिसली, की ते डोक्यात येतंच."

"किटाला डोकं नसतं हो, सर," मी वैतागून म्हटलं. तुम्ही हसलात. छत्री विसरून गेलात तेव्हा. ती अजून माझ्याकडे आहे.

परवा पुण्यानुमोदनाला मी तुमच्या घरी आले. भन्तेजींची वंदना झाली, लोक पांगले. तुमच्या घरी चूल पेटली नव्हती, म्हणून गल्लीचं पातेलं निघणार होतं. मी आणि विमलताई ओट्यावर बसलो होतो. गप्प बसवेना म्हणून मी आपलं भांडण त्यांना सांगायला लागले. मशीनचं नव्हे, तेवढंच पातेल्याचं. म्हटलं, सर नेहमी म्हणायचे, पहिलं पातेलं कुणी ठेवलं ते गल्लीत कुणालाच आठवत नाही.

विमलताई पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांनीच ठेवलं होतं ना."

मला आधी कळलंच नाही.

"मिल बंद झाली तेव्हा पगार फक्त आमच्या घरी येत होता, मॅडम. ह्यांना जेवण जाईना. मला म्हणाले, मोठं पातेलंभर आमटी कर. बाजारातून नवंकोरं पातेलं आणलं, नाव टाकू दिलं नाही. पहाटे चाचीच्या दारात ठेवून आले, पळी ठेवून. मला शपथ घातली, कुणाला सांगू नको. आपण दिलं असं कळलं तर कोई हाथ नहीं लगाएगा. संध्याकाळी पातेलं आमच्याकडे आलं तर आम्ही पण काढून घ्यायचो. पळी पालथी करायचो. किसी को शक नहीं होना चाहिए."

सर, मी जिंकले ती तिथे. कुणीतरी पहिलं असावंच लागतं. आणि तो पहिला तुम्ही होता आणि तोंड वर करून मला विचारत होता, जा, विचारा गल्लीत! इतका खोटारडा माणूस मी पाहिला नाही. आणि त्याच दमात मला ढाब्यावरचा चहा, ती सोळा पातेली, पर्समधली चिप, सगळं उलगडत गेलं. ठेवणारा विसरेल कसा, हे तुम्ही किटांबद्दल विचारत नव्हता. दुसऱ्याच्या घरची पळी पालथी झालेली पाहून तुमच्या मनात काय यायचं, ते तुम्हाला आवडत नव्हतं. आपण देणारे आहोत हे तुम्हाला विसरायचं होतं आणि ते जमत नव्हतं. म्हणून तुम्ही असं मशीन शोधत होता ज्यात ते विसरावंच लागू नये. मला एकदा सांगायचं होतंत, सर. मी भांडले नसते. खोटं बोलते, भांडलेच असते. पण निराळ्या तऱ्हेने.

तेवढ्यात शांती चाची ओट्याच्या पायरीशी येऊन टेकल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. विमलताई दचकल्या, पदर सावरायला लागल्या. चाची म्हणाल्या, "अरे बहू, क्या छुपा रही है. पूरी गली जानती है."

"क्या जानती है?"

"पहले दिन से. मैंने ढक्कन खोला, चखा, दाल मीठी! इस गली में दाल में गुड़ कौन डालता है, तेरे सिवा?" चाची हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "सब समझ गए थे. पर सोनटक्के भिया चाहते थे कि किसी को पता ना चले, तो हमको पता नहीं चला. बस."

विमलताई साताऱ्याकडच्या. आमटीत चिंच-गूळ घातल्याशिवाय त्यांचा हात थांबत नाही, हे मी पहिल्याच जेवणात ओळखलं होतं. तुम्ही प्रोग्रॅममधली एक चूक शोधायला महिना महिना घालवणारे, आणि तुमच्या या गुपिताला गुळाचा वास येतो हे तुमच्या लक्षात आलं नाही! ठेवणाऱ्याला विसरता येत नाही, हे तुमचं म्हणणं खरं होतं. पण तुमच्या वाट्याचं ते काम गल्लीने करून टाकलं होतं. घराघरांनी, एकमेकांना न विचारता, इतकी वर्षं. तुम्हाला हवं होतं ते मशीन तुमच्या दारासमोरच चालू होतं, सर. मी जिंकले खरी, पण तुम्हीही काही हरला नाहीत, आणि हे ऐकून तुमचा चेहरा कसा झाला असता ते मला बघायचं होतं. ते राहिलं. त्याचं मला फार वाईट वाटतंय.

पातेलं चाचींच्याच घरून निघालं. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. विमलताईंनी दोन घास खाल्ले, चाचींनी बसून खायला लावले म्हणून. तिसऱ्या फेरीला पातेलं तुमच्या ओट्यावर आलं तेव्हा झाकणावरची पळी उताणीच होती. अलीकडच्या कुणालाच आणखी नको होतं, आणि पुढे एकच घर उरलं होतं. मलाही भूक नव्हती. तिथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं की आता हे चाचींकडे जाऊन थांबणार.

मी झाकण काढलं. चाचींनी त्या दिवशी आमटीत गूळ घातला होता.

मी वाटीत थोडी घेतली आणि पळी पालथी ठेवली. विमलताईंनी पाहिलं. त्यांना ती बुद्धपौर्णिमा आठवली असणार, कारण रडता रडता त्या हसल्या. पण या वेळी त्यांनी मला बस करा म्हटलं नाही. चाचींनी पातेलं उचललं, पळीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अच्छा. तो अभी बाकी है."

हेडना टेबलाबद्दल काय सांगायचं ते मला तेव्हा कळलं. मी वाटीतली आमटी संपवेपर्यंत पातेलं पुन्हा पहिल्या दारापासून निघालं होतं.